कार्लोस शागास: आधी 'बग' सापडला, मग आजार

या वेळी नवा फोन नाही, नवं अ‍ॅप नाही. या वेळी एका डॉक्टरची गोष्ट सांगतोय, ज्यांना जाऊन नव्वद वर्षं होऊन गेली. पण माझी त्यांच्याशी ओळख झाली ती लॅपटॉपवरच, एका रविवारी दुपारी, कोड लिहिताना.

झालं असं. फिजिओनेट नावाची एक वेबसाइट आहे. तिथे ईसीजी, श्वास, झोप असले शरीरातले सिग्नल अभ्यासासाठी ठेवलेले असतात आणि दरवर्षी त्यावर एक स्पर्धा होते. २०२५ ची स्पर्धा अशी होती: ईसीजी बघून कॉम्प्युटरने सांगायचं, की या माणसाला शागास आजार असण्याची शक्यता किती. नोकरीत माझं काम सर्व्हर आणि डेटाबेसचं, मशीन लर्निंगचं नाही. पण हात शिवशिवत होते म्हणून डेटा डाउनलोड केला. दोन संध्याकाळी घालवून एक मॉडेल तयार केलं आणि निकाल बघून खुर्चीतून उठलोच. जवळपास सगळी उत्तरं बरोबर!

ज्यांनी कोड लिहिलाय त्यांना माहीत आहे, पहिल्याच फटक्यात सगळं बरोबर आलं तर आनंद नाही, भीती वाटायला हवी. मला ती जरा उशिरा वाटली. मी घेतलेल्या डेटात 'आजार नाही' या गटातले हजारो ईसीजी जर्मनीतले होते, कारण हा आजार जर्मनीत होतच नाही. 'आजार आहे' या गटातले सगळे ब्राझीलचे. जर्मन रेकॉर्डमध्ये सेकंदाला ५०० नोंदी होत्या, ब्राझीलच्या रेकॉर्डमध्ये ४००. माझ्या मॉडेलने हृदय बघितलंच नव्हतं, फक्त मशीन ओळखलं होतं. दोन गोष्टी कायम जोडीने दिसत होत्या, म्हणून त्याने एकीवरून दुसरी ठरवून टाकली.

वैतागून मी 'शागास म्हणजे कोण' हे वाचायला बसलो. आणि कळलं, की ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो त्यांच्याकडून साधारण अशीच चूक झाली होती. १९१० च्या सुमारास, कॉम्प्युटरशिवाय. फरक एवढाच, की माझ्या चुकीत माझा रविवार गेला. त्यांच्या चुकीपायी एक खरा, माणसं मारणारा हृदयाचा आजार बरीच वर्षं कागदावरून जवळजवळ पुसला गेला.

आईला हवा होता इंजिनिअर

स्पेलिंग बघून आपण 'चागास' वाचतो, पण पोर्तुगीजमध्ये उच्चार 'शागास'. कार्लोस शागास यांचा जन्म ९ जुलै १८७९ चा, ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातला, ओलिव्हेरा गावाजवळच्या एका कॉफीच्या मळ्यावरचा. ते चार वर्षांचे असताना वडील गेले. मळ्याचा सगळा कारभार आईच्या अंगावर आला आणि तिने तो निभावला. आईची इच्छा काय? तर मुलाने खाणींचा इंजिनिअर व्हावं. राज्याच्या नावातच 'मिनास' म्हणजे खाणी, तेव्हा यात नवल काही नाही.

मुलगा इंजिनिअरिंगच्या तयारीसाठी ऑरो प्रेतो या गावी गेला. तिथे गाडी रुळावर आलीच नाही. परीक्षेत अपयश, तब्येत बिघडलेली, आणि परत घरी. घरात एक डॉक्टर मामा होते. त्यांनी भाच्याचा कल ओळखला आणि आपल्या बहिणीची समजूत काढली. १८९७ मध्ये शागास रिओ द जानेरोच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाले. (हा प्रसंग आपल्यातल्या किती जणांच्या घरात घडलाय, फक्त शाखा उलटसुलट!)

त्या वेळचं रिओ म्हणजे पीतज्वर, प्लेग आणि देवीचं शहर. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधून शिकून आलेले ओस्वाल्दो क्रूझ तिथे मांगिन्योस भागात एक प्रयोगशाळा उभारत होते. शागास यांनी मलेरियावरचा आपला प्रबंध त्यांच्या हाताखाली केला. क्रूझ यांनी नोकरी देऊ केली, पण शागास यांनी आधी नाही म्हटलं. त्यांना मायक्रोस्कोपपेक्षा माणसं तपासण्यात रस होता. हा स्वभाव पुढे कामी आला आणि एका जागी नडलाही.

१९०५ मध्ये सांतोस बंदराच्या कंपनीला वीज प्रकल्पाचं काम करायचं होतं आणि मजूर मलेरियाने आजारी पडत होते. शागास यांना बोलावलं. सगळे लोक तेव्हा डबकी आणि दलदल यांच्या मागे लागले होते. शागास यांनी वेगळा विचार केला: डास चावतो कुठे? घरात. रक्त पिऊन बसतो कुठे? घरातच. मग धूर तिथेच करा. मोहीम यशस्वी झाली. आजार कुठे आहे हे बघायचं असेल तर माणूस झोपतो त्या खोलीत जाऊन बघायचं, ही सवय त्यांना इथे लागली असावी असं मला वाटतं.

रेल्वेचा डबा, मातीच्या भिंती

१९०७. मिनास जेराइसच्या उत्तरेला, पिरापोराच्या दिशेने रेल्वेमार्ग वाढवत होते आणि मलेरियाने काम अडलं होतं. क्रूझ यांनी शागास यांना आणि त्यांचे सहकारी बेलिसारिओ पेना यांना तिकडे पाठवलं. मुक्काम लासान्से नावाच्या छोट्या वस्तीत. राहायला रेल्वेचा एक डबा. तोच दवाखाना, तीच प्रयोगशाळा, तेच झोपायचं ठिकाण.

मलेरियाचे रुग्ण तपासता तपासता शागास यांना काही माणसं वेगळी वाटू लागली. मलेरिया नाही, पण नाडी अनियमित. ठोका मध्येच चुकतो. ऐन उमेदीतली माणसं, शेतात काम करणारी, एक दिवस अचानक कोसळून मरतात. ओळखीच्या कुठल्याच आजारात हे नीट बसेना.

मग रेल्वेच्या एका इंजिनिअरने (बघा, आलाच शेवटी इंजिनिअर) त्यांना एक किडा दाखवला. ढेकणाच्या जातकुळीतला, पण बराच मोठा. दिवसा मातीच्या भिंतींच्या भेगांत लपतो आणि रात्री झोपलेल्या माणसाचं रक्त पितो. चादरीबाहेर चेहराच उघडा असतो, म्हणून चेहऱ्यावर चावतो. तिथल्या लोकांनी त्याला नाव दिलं होतं 'बार्बेइरो', म्हणजे न्हावी. घरं काठ्यांच्या कुडावर चिखल लिंपून केलेली, वर गवत. एकेका घरात असे कितीतरी किडे.

शागास यांनी किड्याचं आतडं उघडून मायक्रोस्कोपखाली ठेवलं. आत शेपटीवाले, वळवळणारे एकपेशीय जीव. हे किड्याचे स्वतःचे आहेत, की किडा ते कुणाच्या तरी रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात नेतो? लासान्सेमध्ये हे तपासायची सोय नव्हती, कारण तिथली माकडं आधीच कशाने बाधित असतील याचा भरवसा नाही. म्हणून किडे रिओला क्रूझ यांच्याकडे पाठवले. तिथे स्वच्छ वातावरणात वाढलेल्या छोट्या मार्मोसेट माकडांना ते चावू दिले. काही आठवड्यांनी माकडांच्या रक्तात तोच जीव दिसला. शागास यांनी त्याला आपल्या गुरूंचं नाव दिलं: ट्रिपॅनोसोमा क्रूझी.

आता गंमत बघा. नेहमी क्रम असा असतो: माणसं आजारी पडतात, मग डॉक्टर कारण शोधतात, आणि मग ते कुणामार्फत पसरतं ते कळतं. इथे आधी किडा सापडला, मग जंतू, आणि आजार अजून सापडायचाच होता. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड वाचताना बग दिसला, आता क्रॅश कुठे होतोय ते शोधायचं.

ते लासान्सेला परतले आणि घराघरांतून रक्त तपासू लागले. आधी एका मांजराच्या रक्तात जंतू मिळाला. मग १४ एप्रिल १९०९ रोजी बेरेनिस नावाच्या दोन वर्षांच्या तापाने फणफणलेल्या मुलीच्या रक्तात. किडा, जंतू, जंतू पोसणारे प्राणी आणि माणसाचा आजार, ही सगळी साखळी एकाच माणसाने जोडली. तीस वर्षांच्याही आत. त्याच महिन्यात क्रूझ यांनी रिओच्या वैद्यक अकादमीसमोर हा शोध जाहीर केला. पुढच्या वर्षी शागास यांना अकादमीने खास बाब म्हणून सदस्य करून घेतलं, १९१२ मध्ये जर्मनीचा शाउडिन पुरस्कार मिळाला, आणि नोबेलसाठी १९१३ मध्ये नाव गेलं.

लेबल चुकलं

इथपर्यंत चित्रपट छान चाललाय. आता खरा प्रश्न: हा आजार दिसतो कसा?

बेरेनिससारख्या नव्या, तापातल्या रुग्णात सोपं होतं. रक्ताच्या थेंबात जंतू दिसायचा. पण काही आठवड्यांनी ताप जातो आणि जंतू रक्तातून दिसेनासा होतो. माणूस बरा दिसतो. दहा, वीस, कधी तीस वर्षं काहीच नाही. मग काय होतं, ते कसं ओळखायचं? रक्ताच्या थेंबाचा आता उपयोग नाही. १९१३ मध्ये मांगिन्योसच्याच दोघांनी, माशादो आणि गेरेइरो यांनी, रक्तातल्या प्रतिकारक घटकांवरून बाधा ओळखायची चाचणी काढली. पण ती सुरुवातीला करायला अवघड आणि तितकीशी भरवशाची नव्हती. त्यामुळे उरलं ते डॉक्टरचं डोळ्यांनी बघणं.

शागास यांनी लासान्सेत नजर टाकली तर गळ्याला गाठ, म्हणजे गलगंड, असलेली माणसं जिकडेतिकडे. ज्या घरात बार्बेइरो, त्या घरात गलगंड. त्यांनी निष्कर्ष काढला, की हा जंतू थायरॉइडवर हल्ला करतो आणि गलगंड हे या आजाराचं ठळक लक्षण. त्यांनी जुनाट आजाराचे प्रकार पाडले, त्यात थायरॉइडचे प्रकार पुढे, आणि त्यांच्या सोबतीला मेंदूचा प्रकार व हृदयाचा प्रकार.

गलगंड कशाने होतो हे आज शाळेतलं पोर सांगेल, मिठाच्या पिशवीवर 'आयोडीनयुक्त' उगाच लिहिलेलं नसतं. मिनास जेराइसच्या त्या भागात आयोडीन कमी होतं, म्हणून गलगंड होता. आणि त्याच भागात कुडाची घरं होती, म्हणून किडे होते. दोन्ही गोष्टी एका जागी, पण एकीचा दुसरीशी संबंध नाही. माझं मॉडेल आठवतंय ना? ४०० आणि ५०० वालं?

शागास यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. गलगंड आयोडीनच्या कमतरतेने होतो यावर त्या काळी एकमत नव्हतं, तो संसर्गाने होतो असं मानणारे मोठमोठे लोक होते. शिवाय त्यांच्याकडे तुलना करायला दुसरा गट नव्हता. किडे आहेत पण गलगंड नाही, असं गाव त्यांनी बघितलंच नव्हतं.

ते गाव दुसऱ्यांनी बघितलं. अर्जेंटिनात रुडॉल्फ क्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला, तर बाधित किडे भरपूर, पण शागास यांनी वर्णन केलेले गलगंडाचे रुग्ण काही मिळेनात. १९१५-१६ ची ही गोष्ट. खरं तर इथे फक्त गलगंडाचा दावा पडायला हवा होता. पण लोकांनी उलट अर्थ काढला: हा आजारच बहुधा एवढा मोठा नाही.

आणखीही चुका निघाल्या. जंतू किड्याच्या चाव्यातून, लाळेतून जातो असं शागास मानत होते. फ्रान्सचे एमिल ब्रुम्प्त यांनी १९१२ मध्ये दाखवलं, की तो विष्ठेतून जातो. किडा चावतो तिथेच घाण करतो, माणूस झोपेत खाजवतो आणि जंतू आत. शिवाय प्राण्यांच्या फुप्फुसात दिसलेल्या काही गोल पेशी शागास यांनी याच जंतूची एक अवस्था म्हणून नोंदवल्या होत्या. तो वेगळाच जीव निघाला, न्यूमोसिस्टिस. (तोच, जो पुढे १९८० च्या दशकात एड्सच्या रुग्णांच्या न्यूमोनियामुळे सगळ्यांना माहीत झाला.)

हृदयाचा पुरावा

या गोंधळात खरी गोष्ट मात्र पहिल्यापासून समोर होती. नाडी अनियमित असलेली ती माणसं.

१९११ मध्ये मांगिन्योसमधल्या गास्पार व्हियाना या तरुण संशोधकाने मृतांच्या पेशी तपासताना दाखवलं, की रक्तातून गायब झालेला जंतू जातो कुठे. तो स्नायूंच्या पेशींत शिरतो, शेपटी टाकून गोल होतो आणि आतच वाढत राहतो. हृदयाच्या स्नायूतही. व्हियाना स्वतः तीन वर्षांनी, तिशीच्या आतच गेले, शवविच्छेदन करताना लागलेल्या संसर्गाने.

हृदयात नेमकं काय होतं ते थोडं समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. हृदय हा पंप आहे आणि त्याच्या आत स्वतःचं वायरिंग आहे. वरून निघालेला विजेचा संदेश मधल्या एका जंक्शनवर थांबतो आणि मग उजव्या व डाव्या अशा दोन फांद्यांमधून खाली पसरतो. जंतूमुळे स्नायूत वर्षानुवर्षं धुमसत राहणारी सूज येते. पेशी मरतात, त्यांच्या जागी व्रणासारखं निबर ऊतक तयार होतं, आणि त्यातून वीज जात नाही. पहिला फटका बऱ्याचदा उजव्या फांदीला बसतो. कधी जंक्शनच अडतं आणि ठोके फार मंद होतात. कधी भलत्याच जागेवरून अवेळी ठोका सुटतो. हृदयाचं खालचं टोक पातळ होऊन फुग्यासारखं बाहेर येतं, त्यात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूपर्यंत जाऊ शकते. शेवटी पंपच ढिला होतो. बाधा झालेल्या सगळ्यांचं असं होत नाही, साधारण दर दहांत तिघांच्या हृदयावर परिणाम होतो. बाकीचे आयुष्यभर ठणठणीत राहू शकतात, जंतू अंगात असूनही.

म्हणजे निदान किती अवघड आहे बघा. कारण घडतं लहानपणी, परिणाम दिसतो तिशी-चाळिशीत, आणि तोही दहातल्या तिघांनाच. सर्व्हर २० वर्षांनी क्रॅश होणार, आणि मधले लॉग कुणी ठेवलेलेच नाहीत!

शागास हळूहळू हृदयाकडे झुकले. १९२२ मध्ये त्यांनी एउरिको व्हिलेला यांच्यासोबत या आजाराच्या हृदयावरच्या परिणामांवर मोठा निबंध लिहिला. अनियमित ठोके, अडलेले संदेश, वाढलेलं हृदय, अचानक मृत्यू, सगळं त्यात आहे. आज वाचणारे डॉक्टर म्हणतात की वर्णन अचूक आहे. पण गलगंडाचा दावा त्यांनी आवरता घेतला तरी पुरता सोडला नाही. माझ्या मते त्यांची खरी चूक ही. १९०९ मधली चूक कुणाकडूनही झाली असती. पण मधल्या काळात नवा डेटा आला होता.

अकादमीतला वाद

१९१७ मध्ये क्रूझ वारले आणि शागास संस्थेचे प्रमुख झाले. १९१८ च्या फ्लूच्या साथीत रिओमध्ये मदतीचं काम त्यांच्याकडे आलं. १९२० पासून देशाच्या नव्या सार्वजनिक आरोग्य खात्याची सूत्रं त्यांच्या हातात होती. एवढी पदं म्हणजे तेवढेच विरोधक, हे सांगायला नको.

१९२२ च्या अखेरीस अकादमीत वादाला तोंड फुटलं आणि तो वर्षभर चालला. आफ्रानिओ पेशोतो हे त्यातलं मोठं नाव. विरोधकांचं म्हणणं साधारण असं: हा एका कोपऱ्यातला दुर्मिळ आजार आहे, त्याचा उगाच बाऊ केलाय, आणि सगळा ब्राझील आजारी आहे असं जगाला सांगून देशाची बदनामी होतेय. यात वैयक्तिक हेवा किती आणि विज्ञान किती हे वेगळं काढणं कठीण आहे. पण विरोधकांच्या हातात खरं हत्यार होतं, आणि ते शागास यांनीच दिलं होतं: गलगंड. एक दावा चुकीचा ठरला की बाकीच्या खऱ्या दाव्यांवरही शंका घेता येते.

१९२३ च्या शेवटी अकादमीच्या समितीने शोधाचं श्रेय शागास यांचंच असल्याचं मान्य केलं. आजार देशात किती पसरलाय आणि गलगंडाचं काय, हे मात्र लोंबकळतच राहिलं. १९२१ मध्ये नोबेलसाठी त्यांचं नाव पुन्हा गेलं होतं. त्या वर्षी वैद्यकशास्त्राचं नोबेल कुणालाच दिलं गेलं नाही.

आणि लासान्सेत? तिथे कुडाच्या घरांत पोरं झोपत होती आणि भिंतीतून किडे उतरत होते. आजार वादग्रस्त आहे म्हटल्यावर घरं सुधारायला पैसा कोण देणार?

शागास शेवटपर्यंत संस्थेत काम करत राहिले, शिकवत राहिले. ८ नोव्हेंबर १९३४ रोजी रिओमध्ये त्यांचं निधन झालं. वय ५५. कारण, हृदयविकाराचा झटका.

ईसीजी येतो

वर्षभरातच गोष्टी फिरल्या. १९३५ मध्ये अर्जेंटिनात सेसिलिओ रोमान्या यांनी एक साधी खूण सांगितली: नव्या बाधेत एकाच डोळ्याची पापणी सुजते. ती बघायला ना लॅब लागत होती ना मायक्रोस्कोप, खेड्यातला डॉक्टरही ओळखू शकत होता. रुग्ण जिकडेतिकडे सापडू लागले. आजार दुर्मिळ नव्हता, फक्त भलत्याच खुणेवरून शोधला जात होता.

शागास यांचा मोठा मुलगा एव्हान्द्रो हाही डॉक्टर. त्याने या रुग्णांचे ईसीजी काढून अभ्यास सुरू केला, पण १९४० मध्ये विमान अपघातात तो गेला. काम पुढे नेलं ते मिनास जेराइसमधल्याच बांबुई गावात. एमान्युएल दियास यांनी १९४३ मध्ये तिथे केंद्र काढलं. हृदयतज्ज्ञ फ्रान्सिस्को लारान्झा आणि जेनार नोब्रेगा सोबत आले. त्यांनी एक केलं जे लासान्सेत झालं नव्हतं: रक्ताच्या चाचणीने बाधा असलेले आणि नसलेले, असे दोन्ही गट त्याच भागातून घेतले आणि त्यांचे ईसीजी शेजारी शेजारी ठेवले. बाधितांमध्ये तोच नमुना पुन्हा पुन्हा दिसला: उजवी फांदी बंद, जंक्शनवर अडथळा, अवेळी सुटणारे ठोके. गलगंड दोन्हीकडे सारखा. तो यादीतून बाहेर गेला आणि हृदयाचा प्रकार मुख्य ठरला. त्यांचा मोठा निबंध १९५६ मध्ये 'सर्क्युलेशन' या अमेरिकन नियतकालिकात आला आणि जगभरच्या डॉक्टरांच्या पुस्तकांत हा आजार हृदयाच्या स्नायूचा आजार म्हणून बसला. बांबुईतच घरांच्या भिंतींवर कीटकनाशक फवारून किडे संपवता येतात हेही दाखवलं गेलं.

आजही जगात साठ-सत्तर लाख लोकांना ही बाधा असावी असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, बहुतेक लॅटिन अमेरिकेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना ते माहीतच नाही. औषधं दोनच, बेन्झनिडाझोल आणि निफुर्टिमॉक्स, आणि ती लवकर दिली तर जास्त चालतात. रक्ताची चाचणी सगळ्यांची करता येत नाही, म्हणून स्वस्त ईसीजीवरून आधी कुणाला तपासायचं हे ठरवायचं. ती स्पर्धा यासाठी होती.

परत माझ्या लॅपटॉपवर

मी जर्मन डेटा बाजूला ठेवला. फक्त ब्राझीलचे ईसीजी घेतले. यातही दोन प्रकार आहेत. एका संचात तीन लाखांहून जास्त ईसीजी, पण आजार आहे की नाही हे रुग्णाने स्वतः सांगितलेलं. दुसऱ्यात सोळाशेच्या आसपास, पण रक्त तपासून खात्री केलेले. दोन्ही मिनास जेराइसचे, म्हणजे शागास यांच्याच राज्यातले. नवं मॉडेल चालवलं आणि निकाल धाडकन खाली आला. या वेळी मात्र मी खुर्चीत बसून राहिलो आणि चुकलेले ईसीजी एकेक करून उघडले.

त्यात एक प्रकार सारखा येत होता: ईसीजी अगदी नॉर्मल, आणि लेबल मात्र 'आजार आहे'. आधी वाटलं लेबलच चुकलंय. मग बेरेनिसबद्दल वाचलं. १९०९ मधली ती दोन वर्षांची मुलगी मोठी झाली, सत्तरी ओलांडून जगली. १९६२ मध्ये आणि पुन्हा १९७८ मध्ये डॉक्टरांनी तिचं रक्त तपासलं आणि दोन्ही वेळा तोच जंतू मिळाला. हृदयाचा आजार मात्र तिला झालाच नाही. जगातली पहिली नोंदलेली शागास रुग्ण, आणि माझ्या मॉडेलने तिला बिनदिक्कत 'आजार नाही' म्हटलं असतं.

सध्या मी दोन वेगळे कॉलम केलेत, एक बाधेचा आणि एक हृदयाच्या नुकसानीचा. दुसरा कॉलम अजून अर्धा रिकामा आहे.